ज्युरीचं समन्स आलंय? काँट्रॅक्टरने आधी हे करावं

घाबरू नका. ज्युरी म्हणजे कोर्टात खटला ऐकून निकाल देणारे सामान्य नागरिक. भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इंग्लंडच्या मतदारयादीत तुमचं नाव आहे, त्यामुळे बोलावणं येऊ शकतं; नावं यादीतून चिठ्ठी काढल्यासारखी निवडली जातात. पहिलं काम म्हणजे 7 दिवसांत उत्तर द्या. बरेच नवे लोक पत्र बाजूला ठेवतात, आणि दंड 1,000 पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

आता पैशांचं. पहिले 10 दिवस बुडालेल्या कमाईपोटी दिवसाला जास्तीत जास्त 64.95 पौंड मिळतात, आणि मुलांच्या सांभाळाचा खर्चही त्यातच बसवायचा असतो. कोर्टात 4 तास किंवा त्याहून कमी वेळ गेला तर 32.47 पौंडच. तुमचा दिवसाचा रेट 400 असेल तर उरलेली तूट तुमच्या खिशातून जाते. म्हणून दोन आठवड्यांचं उत्पन्न आजच बाजूला काढा. भरपाई नंतर मिळते, घरभाडं मात्र थांबत नाही.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- डेडलाइन त्याच काळात असेल तर तारीख पुढे ढकलून मागा. ही संधी एकदाच मिळते, त्यामुळे नवी तारीख कामाच्या मंदीतली निवडा.
- क्लायंटला आजच लेखी कळवा. आयत्या वेळी सांगितलं की नातं बिघडतं.
- टॅक्स रिटर्न काढून ठेवा, कमाईचा पुरावा लागतो.
- तुमच्या व्यवसाय विम्यात ज्युरी कव्हर (ज्युरीच्या दिवसांत बुडालेल्या कमाईची भरपाई) आहे का ते नक्की बघा. बहुतेक जण ती पॉलिसी कधी उघडतच नाहीत!

स्वतःची लिमिटेड कंपनी आणि अम्ब्रेला (काँट्रॅक्टरला पगारावर ठेवणारी मधली कंपनी) यांचे बारकावे क्लेम भरताना बघू.