जेवणाच्या ट्रेमधली तीन सरकारे

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून अमेरिकेत राहतो. आमची मुलगी आठवीत असून तिच्या शाळेने सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या नागरिकशास्त्राच्या व्हिडिओ स्पर्धेचे माहितीपत्रक घरी पाठवले आहे. पाच-सहा मिनिटांची फिल्म करायची आहे. तिने ‘लोकशाही आणि संविधान’ असा विषय घेऊन निवेदन लिहिले, पण ते मला पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखे वाटते. आम्हा दोघांचे शिक्षण महाराष्ट्रात झाल्यामुळे इथल्या शासनव्यवस्थेची आमची माहिती बेताचीच आहे. विषय कसा निवडावा, चित्रीकरणाला परवानगी लागते का आणि संकलन मी करून दिले तर चालेल का?
— एक पालक, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या मुलीने लिहिलेले चुकीचे नसावे, अडचण विषयाच्या आकाराची आहे. पाच मिनिटांत सावकाश बोलून सुमारे सहाशे शब्द होतात, म्हणजे आपला प्रश्न आणि हे उत्तर मिळून जेवढा मजकूर होईल, जवळपास तेवढेच. तेवढ्या जागेत १७८७ साली लिहिलेले संविधान मावत नाही, पण त्या संविधानाने केलेली अधिकारांची वाटणी रोजच्या एखाद्या गोष्टीत कशी उतरते, हे मात्र उत्तम दाखवता येते. म्हणून तिला विषय विचारण्याऐवजी, शाळेत तिला रोज खटकणारी गोष्ट कोणती आणि ती ठरवली कोणी, हे विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता फिल्म आपोआप उभी राहते.

उदाहरणादाखल जेवणाची सुट्टी घेऊ. घंटा झाली की घड्याळ लावायचे. रांगेत किती मिनिटे गेली, बसायला जागा कधी मिळाली आणि पुढची घंटा झाली तेव्हा ट्रेमध्ये काय उरले होते, एवढेच टिपायचे. आता त्या ट्रेकडे पाहावे. शाळेतील भोजनाची राष्ट्रीय योजना १९४६ च्या केंद्रीय कायद्याने सुरू झाली, त्यामुळे त्या योजनेतील शाळेला फळे, भाज्या, धान्य, प्रथिनांचा पदार्थ आणि दूध हे पाचही घटक मुलांपुढे ठेवावे लागतात. पाचही घेण्याची सक्ती मुलांवर नसते. शाळेने तशी मुभा दिली असेल, तर मूल तीन घटक घेऊ शकते, मात्र त्यात अर्धा कप फळ किंवा भाजी असावीच लागते. (कचऱ्याच्या डब्यात न चावलेली सफरचंदे का दिसतात, त्याचा एक धागा इथे आहे, आणि तो कॅमेऱ्याला फार चांगला दिसतो.) केंद्राचा पैसा शाळेपर्यंत पोहोचतो तो राज्याच्या खात्यामार्फत. सुट्टी किती मिनिटांची, हे मात्र वॉशिंग्टनमध्ये ठरत नाही. ते ठरते शाळेच्या वेळापत्रकात, आणि त्यावर देखरेख स्कूल बोर्डाची, म्हणजे शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक मंडळाची असते. दुधाची तक्रार घेऊन मुख्याध्यापकांकडे जाणे आणि सुट्टीची तक्रार घेऊन काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या सदस्याकडे जाणे, दोन्ही सारखेच व्यर्थ का, हे ज्या मुलीला कळले तिला संघराज्य कळले.

दुसरी बाजूही हवीच. सुट्टी दहा मिनिटांनी वाढवली तर तास कुठून कापायचा, बस किती उशिरा सुटेल, याचे उत्तर वेळापत्रक आखणाऱ्यांकडे असते आणि ते बहुधा समंजस असते. आपण स्पर्धेचे नाव कळवलेले नाही. ती संसदेचे कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅन वाहिनीची ‘स्टुडंटकॅम’ असेल, तर वेगवेगळी मते दाखवणे आणि त्या वाहिनीच्या कार्यक्रमातील एखादी क्लिप वापरणे हे तिथे नियमातच आहे, आणि एकटीने किंवा जास्तीत जास्त तिघांच्या गटाने भाग घेता येतो. माझ्या मते गट करावा. प्रश्न विचारणारी आणि कॅमेरा धरणारी मुलगी एकच असली की दोन्ही कामे अर्धवट होतात.

परवानगीबाबत : शाळेच्या आवारात चित्रीकरण करण्यापूर्वी शाळेची लेखी परवानगी घ्यावी, आणि इतर मुलांचे चेहरे टाळून हात, ट्रे, रांगेतले बूट एवढेच टिपावे, तसेही ते अधिक बोलके असते. स्कूल बोर्डाच्या सभा मात्र जनतेसाठी खुल्या असतात. न्यू जर्सीत १९७५ च्या कायद्याने ते बंधनकारक आहे आणि नागरिकांना बोलण्यासाठी सभेत वेळ राखून ठेवावा लागतो. आपल्या मुलीने तिथे उठून एक प्रश्न विचारला, तर तो फिल्ममधला सर्वांत मोलाचा अर्धा मिनिट ठरेल. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्रांवर अमेरिकेत स्वामित्वहक्क नसतो, त्यामुळे ती वापरता येतात. लोकप्रिय गाणी टाळावीत.

आता संकलन. ते आपण करू नये. अशा स्पर्धांत काम विद्यार्थ्यांचेच असावे अशी अपेक्षा असते आणि मोठ्यांचा हात परीक्षकांना पहिल्या मिनिटातच जाणवतो. आठवीतल्या मुलीच्या तोंडी आपल्या कार्यालयातली वाक्यरचना फार विचित्र ऐकू येते. आपण तिला सभेला गाडीने न्यावे आणि पहिला कच्चा व्हिडिओ पाहून ‘मला इथे कळले नाही’ एवढेच सांगावे. ज्यांना इथली व्यवस्था माहीत नाही असे प्रेक्षक घरातच मिळणे ही तिची मोठी सोय आहे. शेवटची तारीख जानेवारीत असेल, तर कॅफेटेरियातले चित्रीकरण डिसेंबरच्या सुट्टीआधीच उरकावे, कारण त्यानंतर जवळपास दोन आठवडे तिथे टिपण्यासारखे कोणीच नसते.