पुजाऱ्याची पवित्र जादू खेळात फारच वरचढ होतेय, तोल कसा साधू?

तुमचा पुजारी जखमाही भरतो, भुतंही जाळतो, मग बाकीच्यांनी काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण नुकसानीचे आकडे कापण्याआधी जादूची किंमत बघा.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून पात्रं रंगवायच्या खेळाची २०१४ची पाचवी आवृत्ती घ्या. त्यात 'क्युअर वून्ड्स' या जखमा भरायच्या मंत्राला आठ बाजूंचा फासा, पण हात लावावा लागतो आणि अख्खी ॲक्शन, म्हणजे त्या पाळीतली मुख्य कृती, जाते. 'हीलिंग वर्ड' या तसल्याच मंत्राला चार बाजूंचा फासा. मात्र ६० फुटांवरून, नुसत्या बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या छोट्या जादा कृतीत. कागदावर दुबळं, टेबलावर तेच भारी. कारण हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, शून्यावर येऊन पडलेला गडी एका पॉइंटवर उठला तरी वार पूर्ण ताकदीनेच करतो. मग पडला, उठवला, परत पडला, परत उठवला! मी घरचा नियम केला: शून्यावर पडलात की थकव्याची एक पायरी, म्हणजे गडी कमजोर होतो. तेव्हापासून आमची मंडळी पडायच्या आधीच मलमपट्टी मागतात.

मेलेल्याला जिवंत करणाऱ्या 'रेव्हिव्हिफाय' मंत्राला ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, तो खर्चही होतो, आणि मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आतच ते चालतं. हिरे किती सापडू द्यायचे ते तुमच्या हातात.

भुतांना सरसकट दुप्पट इजा देऊ नका. याच आवृत्तीतल्या व्हँपायरला रेडियंट, म्हणजे पवित्र तेजाची, इजा झाली की पुढच्या पाळीला त्याच्या जखमा आपोआप भरत नाहीत, बस्स. त्यामुळे पुजारी वाट मोकळी करतो आणि घाव योद्ध्याला घालायला मिळतो.

पाप केलं म्हणून देवानं शक्ती काढून घेतली, हा प्रकार मात्र टाळाच. टेबलावर नुसती भांडणं होतात.