फोटोत दिसणारी फट

प्रिय पोरी,

गेटवे ऑफ इंडियाच्या कागदी मॉडेलची दर्शनी बाजू झाली म्हणून तू फोटो धाडलेस आणि खाली लिहिलंस, 'काका, हातात घेतलं की छान दिसतं, फोटोत मात्र लाज वाटते.' लाज राहू दे, आधी हिशेब कर. खरा गेटवे २६ मीटर उंच, तुझा १:२०० ने १३ सेंटिमीटर. म्हणजे कमानीच्या सांध्यातली अर्ध्या मिलिमीटरची फट खऱ्या दगडात १० सेंटिमीटरची भेग झाली! फूटभरावरून ती सहज नजरेत भरत नाही. पण तू कॅमेरा इतका जवळ नेलास की कमानीचा सेंटिमीटरभर तुकडा अख्ख्या स्क्रीनवर पसरलाय. मग काय लपणार?

सगळ्यात जास्त खटकल्या त्या पांढऱ्या कडा. कार्डशीट वरून दगडाच्या पिवळट रंगात छापलेलं, आतून पांढरंच. चिकटवायच्या आधी प्रत्येक कडेवरून त्याच छटेच्या जलरंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरव. स्केचपेन नको, शाई फुटते आणि छापील बाजूवर येते.

जाळीच्या कोपऱ्यांत लव दिसते ती बोथट पात्याची. पातं स्वस्त आहे गं, तुझे तीन तास नाहीत. शिवाय कोपऱ्यापासून मध्याकडे काप, मग समोरच्या कोपऱ्यापासून परत मध्याकडे. रेघेबाहेर पातं जाणार नाही.

घडीवर रंग तडकलाय, कारण तिथे ती कागदाच्या तंतूंना आडवी गेली. संपलेल्या रिफिलने रेघ दाबून घे, मगच दुमड. आणि फेविकॉल टूथपिकच्या टोकाने लाव. वाळल्यावर तो दिसत नाही असं आपण समजतो, पण बाजूने उजेड पडला की चमकतो. माझ्या एका देवळाच्या कळसावर अंगठ्याचा अख्खा ठसा आहे, फोटो काढल्यावर कळला. अजून तसाच आहे, निव्वळ आळसाने.

आता तुझ्या बाजूनेही एक सांगतो. डावा खांब फुगलेला दिसतो, तो तू वाकडा केलेला नाहीस. पुष्कळ फोनचा मॅक्रो मोड, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची सोय, वाइड लेन्स वापरतो आणि जवळची वस्तू फुगवतो. हातभर मागे जा, दुप्पट झूम कर. लोकांना दाखवायचा फोटो असेल तर दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर धर, उजेड मऊ पडेल. स्वतःसाठी काढशील तेव्हा मात्र टॉर्च आडवा ठेव, एकही खोट सुटू देऊ नकोस. अशी तपासणी चिकटवण्याआधी व्हायला हवी. नंतर नुसती हळहळ.

चारही मनोरे अजून सुटे असतील, तर आडव्या उजेडातले त्यांचे फोटो रविवारपर्यंत पाठव. तोवर फेविकॉलचं झाकण उघडू नकोस.

तुझा,
काका