कोकणात अंतराळ-शिक्षणाची संस्था: दुर्बीण राहू द्या, आधी जेटीवर जा

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीजवळच्या आठ जणांना शाळकरी मुलांपर्यंत अंतराळ क्षेत्राची माहिती नेणारी ना-नफा संस्था काढायची आहे. वर्गणीतून दोन लाख जमलेत. त्यातून फिरतं तारांगण घ्यावं की मोठी दुर्बीण, आणि नोंदणी आधी करावी की काम, असं विचारलंय.

पहिल्या वर्षी दोन्ही घेऊ नका. फिरत्या तारांगणाचा फुगवायचा घुमट पाच मीटर व्यासाचा घेतला तरी बहुतेक जिल्हा परिषद शाळांच्या वर्गात तो उंचीला मावत नाही. हवा भरणारा ब्लोअर सतत चालू लागतो, आणि वीज गेली की घुमट हळूहळू मुलांच्या डोक्यावर येऊन बसतो. एप्रिलमध्ये आत बसवत नाही, आणि जूनमध्ये गुंडाळून ठेवलेला घुमट सप्टेंबरमध्ये उघडला की आत बुरशीचे ठिपके.

खरी अडचण मात्र वेगळी आहे. तुम्ही 'अंतराळ क्षेत्र' म्हणता आणि खरेदीची यादी खगोलशास्त्राची करता. शनीची कडी बघून मूल हरखतं, ते चांगलंच आहे. पण उपग्रह कोण बनवतं, त्याची माहिती कोण वापरतं, त्यात आपल्याला काम कुठलं मिळेल, हे त्या कडीतून कळत नाही. किनाऱ्यावर हे शिकवायला साधन आयतं आहे आणि त्याला दोन लाख लागत नाहीत.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांसाठी 'संभाव्य मासेमारी क्षेत्र' सांगणाऱ्या सूचना काढते, मराठीतही. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य मोजतात. जिथे थंड आणि गरम पाणी एकमेकांना भिडतं आणि हरितद्रव्य वाढलेलं दिसतं, तिथे माशांचं खाद्य असण्याची शक्यता जास्त. २६ नोव्हेंबर २०२२ला गेलेला ओशनसॅट-३ हा याच कामाचा उपग्रह. सूचनेत बंदराचं नाव, तिथून दिशा अंशांत, अंतर किलोमीटरमध्ये आणि पाण्याची खोली दिलेली असते. एवढ्यावर नववीच्या वर्गाचे दोन तास भरतात.

पहिल्या तासाला किनाऱ्याचा नकाशा ए-३ कागदावर छापून द्या, १ सेंटिमीटरला ५ किलोमीटर या प्रमाणात. समजा सूचना म्हणते, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून २४५ अंश, ४० किलोमीटर. मुलांनी ८ सेंटिमीटरची रेघ काढून जागा दाखवायची. इथे निम्मा वर्ग हमखास चुकतो. कंपासपेटीतला कोनमापक उजवीकडून शून्य धरून उलट फिरतो, सूचनेतली दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यासारखी जाते. काही मुलांची बोट समुद्र सोडून थेट आत देवरुखाकडे निघते! म्हणून ३६० अंशांचे गोल कोनमापक न्या, चार मुलांत एक पुरे.

दुसऱ्या तासाला एखादा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, बोलवा. सूचना वापरतो का, कधी उपयोग होतो, कधी होत नाही, हे त्याच्या तोंडून येऊ दे, आणि तो 'काही उपयोग नाही' म्हणाला तरी मध्ये पडू नका. त्यानंतर सांगा की सूचना खाद्याची जागा दाखवते, बांगडा मिळेल की तारली आणि किती, हे सांगत नाही. ढग असले की उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे हा कार्यक्रम नोव्हेंबर ते एप्रिल धरा. आणखी एक गोंधळ ठरलेला: बोटीवरचा फिश फाइंडर मुलांना उपग्रहाचा वाटतो. तो ध्वनीवर चालतो, त्याचा अंतराळाशी काही संबंध नाही. जीपीएसचा आहे.

जीपीएससाठी उपग्रहांची यादी दाखवणारं फुकट ॲप एका फोनवर घ्या. आधी मोकळ्या मैदानात, मग माडाच्या नाहीतर आंब्याच्या दाट बागेत. दिसणारे उपग्रह मोजा, दाखवलेली चूक मीटरमध्ये लिहून घ्या. जागा ठरवायला किमान चार उपग्रह का लागतात (तीन जागेसाठी, चौथा फोनच्या घड्याळाची चूक काढायला), हे फळ्यावर अर्धा तास समजावण्यापेक्षा बागेत लवकर उतरतं. फोनमध्ये सोय असेल तर त्याच यादीत नाविक या जीपीएससारख्या आपल्या भारतीय यंत्रणेचे उपग्रहही दिसतात.

वादळाचा विषय टाळू नका. ३ जून २०२०चं निसर्ग घरोघरी आठवणीत आहे. त्या दिवसांची इन्सॅट उपग्रहांची चित्रं क्रमाने लावून मुलांना डोळा कुठून कुठे सरकला ते काढायला लावा. कौलं उडालेल्या घरातलं मूल त्या वर्गात असू शकतं, तेव्हा 'किती सुंदर चित्र' वगैरे भाषा नको.

घरचं ज्ञानही वापरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा, हे कोळीवाड्यातल्या मुलाला गुरुजींच्या आधी माहीत असतं. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, प्रत्यक्षात भरती रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे जाते. पौर्णिमेपर्यंत हा फरक तासाभराच्या घरात जातो. तो मुलांनी भरतीच्या तक्त्यावरून शोधायचा. भरती पुढे सरकते ती चंद्र पृथ्वीभोवती फिरतो म्हणून, तेव्हा कक्षा म्हणजे काय, हे इथून सुरू केलं तर सोपं जातं.

आता पाण्याचं रॉकेट, कारण ते तुम्ही करणारच. बाटली थंड पेयाची घ्या, सव्वा ते दोन लिटरची, गुळगुळीत अंगाची. साध्या पाण्याची पातळ बाटली दाबाला टिकत नाही. एक तृतीयांश पाणी भरा. जास्त भरलं तर ते ढकलायला हवा पुरत नाही, कमी भरलं तर हवा नुसतीच निघून जाते. दाब ४ बार, म्हणजे पंपाच्या काट्यावर ६० पीएसआयच्या आत, आणि काटा नसलेला पंप वापरायचाच नाही. पंख जाहिरात फलकाच्या सनपॅकचे, टेपने चिकटवलेले. गरम ग्लू गनने बाटली वाकते आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती ठिसूळ होते. फुटते ती तिथेच. नाकाला स्पंज लावा, टोकदार काही नको. सोडायची दोरी १० मीटर लांब, मुलं तिच्याही मागे. दहा-पंधरा उड्डाणांनंतर बाटली बाद करा, ओरखडा दिसला तर त्याआधीच.

जागा पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, नको. बाटल्या पाण्यात जातात आणि प्लॅस्टिक समुद्रात टाकणारी संस्था म्हणून नाव होतं. सड्यावरचा कातळ बाटली फाडतो. शाळेचं कबड्डीचं मैदान उत्तम. वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ, मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा) पडलेली आणि समुद्रावरून येणारे खारे वारे सुटायचे असतात तेव्हा. दुपारी रॉकेट वर जाताना वाऱ्यात तोंड घालतं आणि उंचीचं गणित बिघडतं. गणित असं: ३० मीटरवर उभ्या मुलाला रॉकेट ५० अंशांवर दिसलं तर ३० गुणिले १.१९ (५० अंशांचा टॅन), म्हणजे सुमारे ३६ मीटर, अधिक त्याच्या डोळ्याची उंची.

उपग्रहाचं चित्र थेट पकडायचा प्रयोग करायचा असेल तर जुन्या मार्गदर्शिका बाजूला ठेवा. त्यात सांगितलेले नोआ १५, १८ आणि १९ हे अमेरिकेचे तिन्ही हवामान उपग्रह २०२५मध्ये बंद झाले. आता रशियाचे मेटिऑर-एम मालिकेतले उपग्रह आहेत, १३७ मेगाहर्ट्झच्याच पट्ट्यात, पण डिजिटल. प्रत्येकी ५३.४ सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियम काड्या १२० अंशांत आडव्या लावल्या की अँटेना झाली. सोबत यूएसबी रेडिओ डोंगल आणि एक लॅपटॉप.

नोकऱ्यांबद्दल बोलताना फक्त 'शास्त्रज्ञ व्हा' म्हणू नका. इस्रो दहावीनंतर आयटीआय केलेले फिटर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक यांना टेक्निशियन-बी म्हणून घेते, डिप्लोमावाल्यांना टेक्निकल असिस्टंट म्हणून. इस्रोच्या रॉकेटचं विकास इंजिन विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार होतं आणि वालचंदनगरला रॉकेटच्या मोटरची आवरणं बनतात. तिरुअनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ विज्ञानाच्या संस्थेत बी.टेक.ला जायचं तर जेईई ॲडव्हान्स्ड द्यावी लागते. जुन्या भरतीच्या जाहिराती छापून न्या, पात्रतेचा रकाना मुलांनाच वाचू द्या. इस्रोच्या शाळकरी मुलांसाठीच्या युविका कार्यक्रमासाठी नववीची मुलं चालतात, आणि ग्रामीण शाळेचे वेगळे गुण मिळतात. तिथे अर्ज हुकतो तो बुद्धीमुळे नाही, आठवीचं गुणपत्रक आणि विज्ञान प्रदर्शनाचं प्रमाणपत्र वेळेवर सापडत नाही म्हणून. जानेवारीतच कागद गोळा करून घ्या. श्रीहरिकोटाचं उड्डाण बघायची प्रेक्षक गॅलरी मोफत असते, ऑनलाइन नोंदणी करून. त्या 'पास'चे पैसे मागणाऱ्या सहलवाल्यापासून पालकांना सावध करा.

नोंदणीचं. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्थेला किमान सात जण लागतात, तुम्ही आठ आहात. तीच संस्था १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवायची, जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात. कंपनी कायद्यातली कलम ८ची ना-नफा कंपनी लहान गटाला झेपत नाही, कागद फार. नावात इस्रो नको, फलकावर त्यांचं बोधचिन्ह नको. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज; बहुतेक संस्था अडकतात त्या इथेच. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचा, पैसा लगेच येणार नाही: १२ए, ८०जी नावांनी ओळखल्या जाणाऱ्या करसवलतीच्या नोंदण्या, सीएसआर-१ ही हा निधी घेण्यासाठीची नोंदणी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून काम लगेच सुरू करा, गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेऊन, आणि प्रत्येक शाळेकडून तारीख व मुलांची संख्या असलेलं पत्र घ्या. आखातातल्या भारतीय पासपोर्टवाल्या नातेवाइकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी देणगी ठरत नाही, परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची ठरते.

आणि ते दोन लाख सध्या कोणाच्या खात्यात आहेत? नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी घ्यायची तर त्याच १९५०च्या कायद्याच्या कलम ४१सीखाली परवानगी लागते, गणेशोत्सव मंडळं घेतात तीच. ती घेतली नसेल तर आणखी वर्गणी आजच थांबवा, जमलेल्या पैशांची देणगीदारांच्या नावानिशी यादी करा आणि धर्मादाय कार्यालयात जाऊन विचारा. चाकरमानी गणपतीला येतील तेव्हा पावतीपुस्तक हातात असलं पाहिजे.