हँक स्नोसारखं व्हायचंय म्हणतो, काय करू?

नमस्कार ताई, पत्र वाचलं. नोव्हा स्कोशियात स्थायिक झालात, मुलगा बारावीला, सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांच्या लॉबस्टर बोटीवर जातो आणि आता म्हणतोय इंजिनीअरिंग नको, हँक स्नोसारखा कंट्री सिंगर होणार, आणि बाबांनी बोलणंच टाकलंय.

आधी हँक स्नोचंच बघू, कारण मुलं अर्धीच गोष्ट सांगतात. १९१४ चा जन्म, तुमच्याच भागातला, घरी हाल, बाराव्या वर्षी मासेमारीच्या जहाजावर केबिन बॉय, मग ईटन या मोठ्या दुकानाच्या कॅटलॉगमधून ५.९५ डॉलरची गिटार. एवढं त्याने रंगवून सांगितलंच असेल. पण १९३३ ला हॅलिफॅक्सच्या रेडिओवर गायला लागला, १९३६ ला पहिलं रेकॉर्डिंग, आणि 'आय एम मूव्हिंग ऑन' २१ आठवडे नंबर वनवर राहिलं ते थेट १९५० ला! मधली चौदा वर्षं कोण मोजणार? सुरुवातीला तर घरोघरी फिरून ब्रश विकलेत त्याने.

म्हणून बोट सोडायला लावू नका. तुमच्या साऊथ शोअरला, म्हणजे दक्षिण किनाऱ्याला, लॉबस्टरचा सीझन नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी सुरू होतो आणि मे अखेरीला संपतो, म्हणजे हातात पैसे असतात तेव्हाच उन्हाळ्याचे फेस्टिव्हल सुरू होतात, यापेक्षा सोयीची नोकरी नवख्या गायकाला कुठे मिळणार? फक्त एनएससीसीचा (नोव्हा स्कोशिया कम्युनिटी कॉलेज) म्युझिकचा कोर्स करायचा असेल तर कॉलेज पण हिवाळ्यात असतं, दोन्ही पूर्णवेळ जमणार नाही, तेव्हा एक वर्ष बोट आणि मग कॉलेज असं काहीतरी ठरवा. बोटीवर जायच्या आधी सेफ्टी ट्रेनिंग मात्र करायलाच लावा, यात घासाघीस नको.

आणि नुसता बोटीवर गेला म्हणून गाणं येत नाही हो. वादळ, लाटा, दूर गेलेली प्रेयसी हे सगळ्यांनी लिहून झालंय. नांग्यांना रबरबँड लावताना बधिर झालेली बोटं, गेजने मापून लहान निघाला की परत पाण्यात टाकलेला लॉबस्टर, धुतल्यावरही हुडीला येणारा आमिषाच्या हेरिंग माशाचा वास, हे त्याच्याकडे आहे, ते लिहायला सांगा. मराठी घरातला मुलगा कंट्री गातो म्हणून कोण ऐकणार असं तुम्ही विचारलंय, पण कॅनडात कमर्शियल म्युझिक रेडिओला साधारण ३५ टक्के कॅनेडियन गाणी लावावीच लागतात, तिथे आडनाव कोणी विचारत नाही. गाणी तयार झाली की सोकॅनमध्ये, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत, रजिस्टर करा, नाहीतर वाजलेल्या गाण्याचे पैसे कसे मिळणार.

नोव्हा स्कोशियातल्याच लिव्हरपूलला जुन्या रेल्वे स्टेशनात हँक स्नोचं म्युझियम आहे, बापलेकाला एकत्र पाठवा, गाडीत तरी बोलावंच लागेल. आणि त्याने स्वतः लिहिलेली दोन गाणी मला पाठवा, फोनवर रेकॉर्ड केलेली चालतील, ऐकल्यावर पुढचं बोलू.