इम्पॅक्ट ड्रायव्हरचे, म्हणजे ठोके देत स्क्रू आवळणाऱ्या मशीनचे, बिट (टोकाला लावायचे पेचकसाचे तुकडे) महिनाभरही टिकत नाहीत. कोणत्या कंपनीचे घ्यावेत, आणि मोडलेल्या बिटचे पैसे कारागिरांच्या पगारातून कापावेत का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब फिटिंगचं काम आहे, पीएच टूच्या, म्हणजे फिलिप्स खाचेच्या दोन नंबरच्या, बिटची पाकिटं भराभर संपतात, आणि कारागीर मशीन रेटून चालवतात अशी तुमची शंका आहे. म्हणून महागातले बिट आणायचे आणि मोडला की पैसे पगारातून वळते करायचे असा विचार आहे.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. कापू नका. करवतीच्या पात्यासारखा बिटही झिजण्यासाठीच असतो. पात्याचे पैसे कुणी सुताराकडून मागत नाही, तर बिटचे का मागायचे? या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही, कारण हा प्रकार मी आमच्या घरातच बघितलाय.

आता बिटकडे येतो. तुमच्या प्रश्नात मशीनचं मॉडेल आहे, बिटची कंपनी आहे, पण स्क्रू कोणता ते कुठेच नाही. तुमच्या बिजागऱ्या हेटिक, हाफेले किंवा ब्लमच्या असतील तर त्यांचे स्क्रू बहुधा पीएच नसतात, पीझेड असतात, म्हणजे पोझीड्राइव्ह. एक स्क्रू बोटात धरून उजेडात बघा. अधिकच्या चिन्हाच्या चार खाचांच्या मधल्या जागेत तिरप्या चार बारीक रेघा दिसतील. रेघा असल्या तर पीझेड, नसल्या तर पीएच. बिटचंही तेच. पीझेडच्या बिटला चार मोठ्या पात्यांच्या बेचक्यांत चार छोट्या धारा असतात, पीएचच्या बिटला तिथे काही नसतं.

हेन्री फिलिप्सच्या स्क्रूचं पेटंट 1936 चं, आणि तो आधी कॅडिलॅक गाड्यांच्या जोडणीत वापरला गेला. त्याच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की बिट वर सरकतो. पोझीड्राइव्ह नंतर, साठच्या दशकात आला. त्याच्या भिंती जवळजवळ सरळ ठेवल्या, म्हणून बिट वर यायचं प्रमाण खूप कमी झालं. पण पीएच टूचा बिट पीझेड टूच्या स्क्रूत बसल्यासारखा वाटतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. तो पूर्ण टेकत नाही, आत डुलतो. हाताच्या पेचकसाने फिरवलं तर काम होऊनही जातं, कुणाला पत्ता लागत नाही. इम्पॅक्टमध्ये मात्र आत हातोडा आणि ऐरण असते आणि मिनिटाला 3,000 च्या वर ठोके बसतात. डुलणाऱ्या बिटच्या पातळ कडेवर एवढे ठोके बसले तर कुठल्याही कंपनीचा बिट टिकणार नाही. तुम्ही दहापट किमतीचा पीएच टू आणलात तरी तो त्याच स्क्रूवर जाईल, फक्त जरा उशिरा.

हे मला कुठे कळलं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातला "रेटून चालवतात" हा शब्द माझ्या ओळखीचा आहे.

माझे काका इंटिरियरचे ठेकेदार. मी शिक्षण सोडून त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा कॉर्डलेस इम्पॅक्ट आमच्या साइटवर नवीनच आले होते. मुंबईत प्रभादेवीला एका टॉवरमध्ये काम होतं, दोन फ्लॅट एक करून मोठं किचन, सगळ्या खोल्यांत छतापर्यंत वॉर्डरोब. सोसायटीचे नियम कडक. दुपारी दोन ते चार आवाज बंद, सहानंतर काम बंद. त्यामुळे जो वेळ मिळेल त्यात सगळ्यांची धावपळ. आमच्याकडे गुहागरकडचे एक मिस्त्री होते. वयाने काकांपेक्षा मोठे. त्यांनी लावलेलं शटर, म्हणजे कपाटाचं दार, पुन्हा खोलून बसवावं लागलं असं मी एकदाही बघितलं नाही. प्लायची कड नुसत्या अंगठ्याने चाचपून सांगायचे की इथे गॅप येणार आहे, आणि यायचा.

काकांनी मशीन आणलं आणि सोबत नियम आणला. बिट मोडला की पन्नास रुपये हजेरीतून कट. तेव्हा दोन तोंडांचा साधा बिट बाजारात वीस-पंचवीसला मिळायचा, म्हणजे वरचे पैसे ही शिक्षा. कापलेलं सगळं वहीत लिहिलं जायचं. आणि सर्वांत जास्त कट कुणाच्या नावावर? मिस्त्रींच्या. साहजिक होतं, कारण सगळ्या बिजागऱ्या त्यांच्याकडे होत्या. फॉल्स सीलिंगवाल्या पोरांचे बिट फारसे जात नव्हते, म्हणून काकांचा हिशेब सोपा झाला: पोरांना मशीन जमतं, म्हाताऱ्याला जमत नाही.

एका संध्याकाळी हेल्परांच्या समोर काका म्हणाले, "मिस्त्री, रेटू नका हो मशीन. तुम्हाला आता हात राहिला नाही." मिस्त्री काही बोलले नाहीत. चकमधला बिट बदलला आणि पुढचं शटर मांडीवर घेतलं. मी शेजारीच उभा होतो, शटर धरून.

सगळे गेल्यावर मी भुशात पडलेले बिट गोळा केले आणि लॅमिनेटच्या तुकड्यावर ओळीने मांडून मोबाइलच्या बॅटरीत बघितले. सगळे एकाच तऱ्हेने गेलेले. चारही पात्यांची आवळतानाची बाजू सारखी खाल्लेली, तिथे घासून चकचकीत झालेली, आणि काहींचा टोकाकडचा टवका उडालेला. मशीन तिरकं धरणाऱ्याचा बिट असा जात नाही, त्याचं एखादंच पातं जास्त खाल्लं जातं. चारही सारखी गेली म्हणजे माणसाने मशीन सरळ धरलं होतं. मग नवीन पीएच टू घेऊन जिप्समच्या काळ्या स्क्रूत घातला, घट्ट बसला. तोच बिजागरीच्या पांढऱ्या स्क्रूत घातला, तर बोटाने हलवला की टकटक. बिजागरीच्या खोक्यातला कागद उघडला. त्यावर स्क्रूचं चित्र, त्यात त्या तिरप्या रेघा, आणि शेजारी स्वच्छ छापलेलं: पीझेड 2. तो कागद आम्ही प्रत्येक खोक्यातून काढून फेकत होतो.

दुसऱ्या दिवशी मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात गेलो. "पीझेड? वो कोई माँगता नहीं," असं ऐकत दोन-चार दुकानं फिरल्यावर एकाने माळ्यावरून धुळीचं खोकं काढून दिलं. मशीन तेच, स्क्रू तेच, मिस्त्री तेच. राहिलेल्या वॉर्डरोबचं काम त्या एका पाकिटावर निघालं आणि पाकीट संपलंसुद्धा नाही.

मी काकांना दोन्ही बिट आणि तो कागद नेऊन दाखवला. ते म्हणाले, "बिट तो बिट. आम्ही पेचकसाने घरं उभी केली, तेव्हा कुठे होतं तुझं पीझेड?" वहीतले पैसे परत दिले नाहीत. मिस्त्रींनी साइट पूर्ण करून दिली, शेवटचा कपाटाचा हँडलसुद्धा स्वतः लावला, आणि गणपतीला गावी गेले ते काकांकडे परत आले नाहीत. आजही घरात कार्य असलं की काका सांगतात, मिस्त्रींचा हात गेला होता म्हणून सोडून गेले. मी दर वेळी तिथेच सांगतो की हात गेला नव्हता. बिट चुकीचा होता, आणि तो मिस्त्रींनी आणलेला नव्हता.

तर तुमचं. आधी तुमच्या साइटवरच्या प्रत्येक जातीच्या स्क्रूचा एकेक नमुना गोळा करा. बिट स्क्रूत घालून, चुंबक न लावता, आडवा धरा आणि हलवा. स्क्रू न डुलता बिटवर बसून राहिला तर जोडी बरोबर. चुंबकाचा होल्डर लावून बघू नका, चुंबक चुकीची जोडीसुद्धा धरून ठेवतो. बिजागरी, ड्रॉवरचे चॅनल आणि 6.3 मिलिमीटरचे युरो स्क्रू बहुधा पीझेड टू निघतील. जिप्समचे काळे स्क्रू पीएच टू. पीझेड बिटच्या मानेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या, म्हणजे घाईत मिसळणार नाहीत. उलटंही करू नका. पीझेडचा बिट पीएचच्या स्क्रूत त्या मधल्या धारांमुळे तळापर्यंत जातच नाही.

कंपनी विचारलीत म्हणून सांगतो: वेरा, मकिता, बॉश, डिवॉल्ट, यांपैकी कुणाचाही घ्या, पण पाकिटावर इम्पॅक्टसाठी असं लिहिलेला घ्या. त्यांत उगाच निवड करत बसायला फार फरक नाही. बघायचं ते हे की बिटची मान मध्ये बारीक केलेली असावी. ती मान ठोक्यासरशी किंचित पिळते आणि धक्का टोकावर जायच्या आत खाते. स्टील एस टू जातीचं चालतं. जास्त कडक म्हणजे जास्त टिकाऊ हा समज सोडा. अति कडक टोक इम्पॅक्टवर काचेगत उडतं, आणि हाताच्या ड्रायव्हरसाठीचा बिट इम्पॅक्टला लावला की हेच होतं. 50 मिलिमीटरचा, मागच्या दांड्यावर खाच असलेला बिट थेट चकमध्ये बसवा. 25 चा आखूड बिट वापरायचा तर त्याचा होल्डरही इम्पॅक्टचाच हवा. लांब बिट हात पोचत नाही तिथेच लावा, तो सरळ राहत नाही.

आणि मुळात बिजागरीला इम्पॅक्ट कशाला? 18 व्होल्टचं मशीन 150 न्यूटन मीटरच्या वर जोर काढतं. प्लायमधल्या पाऊण इंची स्क्रूला त्यातला किरकोळ भाग पुरतो. तिथे क्लच असलेलं, म्हणजे ठरावीक जोरानंतर आपोआप सुटणारं, ड्रिल द्या आणि इम्पॅक्ट कॅरकस (कपाटाचा सांगाडा) जोडायला, भिंतीच्या फ्रेमला ठेवा. पार्टिकल बोर्डात तर इम्पॅक्टने बिटपेक्षा आधी भोकच खराब होतं. मशीनला वेग निवडायची सोय असेल तर सगळ्यात खालच्यावर ठेवा. स्क्रू उभा धरेपर्यंत ट्रिगर हलका, मग दाब, आणि डोकं टेकलं की लगेच सोडायचं. बिट एकदा जरी घसरला तरी तो फेका. झिजलेला बिट ठेवून चार पैसे वाचतात आणि डोकं गेलेला स्क्रू काढायला अर्धा तास जातो, शिवाय लॅमिनेटला ओरखडा.

काही गोष्टी राहिल्या. पितळी स्क्रूला इम्पॅक्ट लावायचाच नाही. त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी घालून काढा, मग पितळी हाताने. बाथरूम-बाल्कनीतले 304 चे स्टेनलेस स्क्रू चुंबकाला नीट धरत नाहीत आणि मऊही असतात, त्यामुळे तिथे बिट नवाच हवा. जाड लाकडाचं बाहेरचं काम असेल तर टॉर्क्स स्क्रू घ्या, टी 20 किंवा टी 25. त्यांच्या सहा पाकळ्यांच्या खाचेत बिट सहसा घसरत नाही. महाग पडतात आणि सगळीकडे मिळत नाहीत, एवढीच अडचण. पावसाळ्यात बिट उघड्या पेटीत ठेवू नका, टोकावर गंज धरला की पकड जाते. तेलाचा पुसट हात फिरवून डबीत ठेवा.

आणि हेही मान्य आहे की काही पोरं खरंच मशीन रेटतात. बिट बरोबर देऊनही जात असतील तर मोडके बिट बघा. एकच पातं गेलं असेल तर त्या मुलाशेजारी उभं राहून त्याला मशीन सरळ धरायला शिकवा. त्यातही पगाराचा संबंध येत नाही, कारण शिकवायचं काम तुमचं आहे. आजवर कुणाचे कापले असतील तर येत्या पगारात परत द्या, आणि बाकीच्यांसमोर द्या. कापले तेव्हा सगळ्यांसमोरच कापले असणार.