आरपीजी बनवायचाय? आधी एक लढाई पुरी कर

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, बनवण्यातच करिअर करायचं ठरवलंय. कथा, नकाशे, बारा वंश आणि त्यांचे देव, असं लिहून तीन वह्या भरल्या आहेत. चार महिने गोडो या इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, बसलो, पण हाती आलंय ते नुसतं चालणारं एक पात्र. इंजिन बदलू का? युनिटी की अनरियल? आणि गेम डिझाइनचा वेगळा कोर्स लागेल का?

उत्तर : इंजिन बदलू नकोस. तुझ्या कामाला गोडो पुरेसं आहे, मोफतही आहे, आणि तू अडलायस ते त्याच्यामुळे नाही. तुझ्या वह्यांत जग आहे, नियम नाहीत. वार केला तर किती लागतं, किती लढायांनंतर लेव्हल वाढते, तलवार कितीला मिळते, यातलं काहीच तू सांगितलेल्या यादीत नाही. आरपीजीचा सांगाडा तर तोच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला तो कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. हिट पॉइंट (पात्राचा जीव किती उरला तो आकडा), लेव्हल, अनुभवाचे गुण ही मंडळी तिथूनच संगणकावर आली. तूही इंजिन बंद करून स्प्रेडशीट उघड.

पहिलं पान डॅमेजच्या, म्हणजे एका वाराने किती हिट पॉइंट जातात त्याच्या, सूत्राचं. नवखे बहुधा 'हल्ला वजा बचाव' घेतात. हल्ला ५०, बचाव ४५, तर डॅमेज ५. आता पात्राला ५ गुणांनी सरस तलवार दिलीस की डॅमेज १०, म्हणजे थेट दुप्पट. उलट शत्रूचा बचाव ५० झाला की डॅमेज शून्य, आणि लढाई संपायचं नाव घेत नाही. दुसरी रीत अशी: हल्ल्याला १०० ने गुणायचं आणि १०० अधिक बचाव, या बेरजेने भागायचं. त्याच आकड्यांवर डॅमेज साधारण ३४ येतो आणि नव्या तलवारीने ३८. वाढ जाणवते, पण तोल जात नाही. पण म्हणून वजाबाकी टाकाऊच, असं नाही. आकडे लहान ठेवलेस तर खेळणाऱ्याला ती मनातल्या मनात करता येते आणि पुढची चाल आखता येते. कोणतं सूत्र का निवडलंस, हे मात्र तुला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

मग लेव्हलचं कोष्टक. 'पोकेमॉन'मधल्या प्राण्यांच्या एका गटाला लागणारे अनुभवाचे एकूण गुण म्हणजे लेव्हलचा घन: दहाव्या लेव्हलला १,०००, शंभराव्याला १०,००,०००. असं चढं कोष्टक घेतलंस तर शत्रूकडून मिळणारे गुणही त्या बेताने वाढवावे लागतात. ते राहून गेलं की खेळणारा त्याच रानात तेच लांडगे मारत बसतो. शेजारी एक रकाना ठेव: ही लेव्हल चढायला किती लढाया? तो आकडा अचानक उडी मारतो तिथेच लोक गेम सोडतात.

संभाव्यता अनेकांना फसवते. ड्रॉप रेट म्हणजे मारलेल्या शत्रूकडून वस्तू मिळण्याची शक्यता. ती १ टक्का असली की शंभर शत्रू मारले की वस्तू मिळणारच, असं वाटतं. ०.९९ चा शंभरावा घात काढून बघ, ०.३६६ येतो. म्हणजे शंभर मारूनही शंभरातले सुमारे ३७ जण रिकाम्या हाताने परततात. त्यासाठी हुकलेल्या खेपा मोजणारा काउंटर ठेवतात आणि ठरावीक खेपेनंतर वस्तू हमखास देतात.

कोडमध्ये घसरायची पहिली जागा म्हणजे बफ, पात्राची ताकद थोड्या वेळापुरती वाढवणारा परिणाम. शक्तीचं औषध प्यायल्यावर मूळ आकडा दीडपट करायचा आणि परिणाम ओसरल्यावर दीडने भागायचा, हे सोपं वाटतं. पूर्णांकांत २५ चे ३७ होतात आणि परतताना २४. एक गुण गळाला, कुठे ते शोधत बस. मूळ आकडा कधीच बदलू नये. लागू असलेल्या बफांची यादी वेगळी ठेवावी आणि अंतिम आकडा दर वेळी त्यावरून काढावा. बफ एकमेकांत मिळवायचे की गुणायचे, हेही आधीच ठरव. ५० टक्क्यांचे तीन बफ मिळवले तर अडीचपट होतात, गुणले तर ३.३७५ पट.

दुसरी जागा सेव्ह. सामानातल्या वस्तू यादीतल्या क्रमांकाने साठवल्यास आणि पुढे यादीच्या मधेच नवी वस्तू घातलीस, तर जुना सेव्ह उघडल्यावर ढालीच्या जागी किल्ली निघते. प्रत्येक वस्तूला कायमचा आयडी दे आणि सेव्ह फाइलमध्ये आवृत्तीचा क्रमांक लिही. हे शेवटी करू म्हणणाऱ्यांना अर्धा गेम उसवावा लागतो.

आता नोकरीचं. आकड्यांचा तोल सांभाळतो तो सिस्टम्स डिझायनर, वर सांगितलेलं कोड लिहितो तो गेमप्ले प्रोग्रामर, आणि संवाद व मोहिमा बांधतो तो क्वेस्ट डिझायनर. तुझ्या पदवीला मधली वाट सर्वांत जवळची. पहिल्या वाटेवर नवख्याला थेट घेणारे कमी. तिसऱ्या वाटेलाही वह्या चालत नाहीत, खेळता येणारी एक मोहीम लागते. वेगळ्या कोर्सची तुला गरज दिसत नाही. संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि डेटा स्ट्रक्चर्स मन लावून कर. तरी कोर्स करायचाच असेल, तर पैसे भरण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांनी गट करून पुरे केलेले गेम मागून घे आणि स्वतः खेळून बघ. दाखवायला काही नसेल तर परत फीर. युनिटीसाठी सी शार्प आणि अनरियलसाठी सी प्लस प्लस लागतं, पण ते ज्या नोकरीला अर्ज करशील तिच्याकडे बघून ठरव.

पुढचे दोन महिने एवढंच: आळीपाळीने चालणारी लढाई, ३ पात्रं, ४ प्रकारचे शत्रू, एक बॉस (सगळ्यांत बलाढ्य शत्रू), एक दुकान आणि सेव्ह. पंधरा मिनिटांत संपेल इतकंच. आळीपाळीची अशासाठी, की रिअल-टाइममध्ये, म्हणजे सगळे एकाच वेळी लढतात तिथे, अॅनिमेशन आणि शत्रूंनी वाट शोधणं यातच महिना जातो. बारांपैकी एकच वंश घे आणि त्याचं वैशिष्ट्य नियमात उतरव. उदाहरणार्थ, जखमी झाल्यावर ज्यांचा वार वाढतो असे लोक. किती हिट पॉइंट उरल्यावर, किती टक्क्यांनी, ते लिही. मग पाच जणांना खेळायला दे आणि त्यांच्यामागे गप्प उभा राहा. ते कुठे थबकले ते टिपून घे आणि त्यानंतर कोणता आकडा बदललास, का बदललास, त्याचं एक पान स्प्रेडशीटसोबत पोर्टफोलिओत जोड.